कवडू, एक निरोप राहिला होता

कवडू,

काल तुझा दहावा झाला. नदीवर माणसं बरीच आली होती, आणि ती बघून तू नक्की वैतागला असतास. "रोवन्याचे दिवस, अना एवढे लोकं अथी येऊन रायले कायले? धान का आपोआप लागते?" असं म्हणून सगळ्यांना हाकलून दिलं असतंस. न्हाव्यापासून पाटलापर्यंत जो तो तुझी तीच गोष्ट सांगत होता, ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवरच्या त्या पहाडीची आणि तिथल्या पाण्याची. कवडूला म्हणे पुढचं दिसत होतं. झरा हातचा जाणार हे त्यानं म्हणे आधीच ओळखलं आणि खंदकात पाणी धरून ठेवलं. मी मान खाली घालून ऐकत होतो. लोकांना वाटलं, मास्तर रडतो आहे.

रडत तर होतोच. पण मान खाली होती ती दुसऱ्या कारणानं, आणि ते कारण सांगायलाच हे लिहायला बसलो आहे. तोंडी सांगायला मला तीन वर्षं मिळाली होती, ती मी वाया घालवली. आपण रोज भेटत होतो, रोज भांडत होतो, आणि एवढं एक सोडून सगळं बोलत होतो. तुझ्यासाठी आलेला एक निरोप मी तुला दिला नाही. त्या निरोपापायी मोतीराम गेला. आणि मोतीरामचं मरण तू शेवटपर्यंत स्वतःच्या डोक्यावर घेऊन हिंडलास.

तुझं नाव तरी काय ठेवलं होतं! तुझ्या आधीची दोन लेकरं पाळण्यातच गेली, म्हणून तुझ्या मायनं तुला सुपात घालून शेजारणीला एका कवडीला विकलं आणि दुसऱ्या दिवशी पोसायला म्हणून परत आणलं. मरण आलं तरी त्याला या घरचा पोरगा सापडू नये, एवढीच त्यातली युक्ती. ती शेजारीण म्हणजे मोतीरामची माय. गावात आपण सगळे तिला काकी म्हणायचो, पण तुझ्यावर तिचा हक्क निराळा. लहानपणी मोतीरामशी भांडण झालं की तू तिच्याच चुलीपाशी जाऊन बसायचास आणि वर त्यालाच सांगायचास, "तू फुकटचा हायेस बे, मले त काकीनं इकत घेतलं." मोतीराम चिडून दगड उचलायचा. काकी दोघांच्याही पाठीत एकेक धपाटा घालून दोघांना एकाच ताटात वाढायची.

पलटणीत आपण तिघं एकदमच भरती झालो. आमगावच्या टेसनावर काकीनं तुला बाजूला घेऊन सांगितलं, "माह्या मोत्याले सांभाळजो." मला तसं काही सांगितलं नाही. मी चार बुकं शिकलेला, मी स्वतःला सांभाळलं तरी पुरे असं तिला वाटलं असावं.

ती पहाडी, कवडू. साहेबाच्या नकाशावर तिला नुसता आकडा होता. तू तिला पहिल्याच दिवशी कचारगड म्हणालास, कारण चढताना तुला आपल्या जत्रेतली चढण आठवली. मग सगळे कचारगडच म्हणू लागले, पंजाबी सुबेदारसुद्धा. दिसायला काहीच नव्हती, बांबूचं रान आणि वर टक्कल. पण तिच्या पायथ्याला एकुलता रस्ता वळत होता, आणि वर जो बसेल त्याचा तो रस्ता. मागं आपली जखमी माणसं गाड्यांतून त्याच रस्त्यानं निघायची होती. ती सगळी पार होईपर्यंत पहाडी धरा, एवढाच हुकूम. आपण वर गेलो सत्तावीस. समोरचे किती होते ते कोणी सांगितलं नाही, आणि न सांगण्यातच काय ते समजलं.

लढाई सुरू व्हायच्या आधीचे ते पंधरा-वीस दिवस मला जास्त आठवतात. तू डब्यांत खडे घालून ते वेलींना बांधलेस, आपण धानात रानडुकरांसाठी बांधतो तसे. डबे वाजले की मी बंदूक उचलायचो आणि तू डोळेही न उघडता म्हणायचास, "वारा हाये. निज गप." एकदाही चुकला नाहीस. आणि मग तो खंदक. खणायला तुला सांगितलं होतं, पण धानकऱ्याच्या पायाला कोण सांगणार? माती आपल्यासारखीच काळी, चिकण. वरून पाऊस. तू आणि तुझ्या हाताखालच्या माणसांनी तळ असा तुडवला की जणू चिखलणी चालली आहे, आणि कडेचा बांध तळहातानं लिंपून गुळगुळीत केला. दोन दिवसांत खंदकात गुडघाभर पाणी उभं राहिलं. थेंबही झिरपेना. सुबेदार बघायला आला आणि हसून हसून बेजार झाला. "अरे कवडू, यहाँ धान लगाओगे क्या?" मग म्हणाला, "इसे निकाल दो, पाँव सड़ जाएंगे." तू "जी साब" म्हणालास. कुदळ घेऊन बांधापाशी गेलास, उभा राहिलास, आणि परत आलास.

मी विचारलं, "का रे, बांध फोडला नाही?"

"उद्या फोडतो," म्हणालास. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मात्र खरं सांगितलंस. "माहा हातच उठून नाई रायला गा. भरली बांधी कोनी फोडते का? बापानं मारून मारून शिकवलं, पानी सोडू नको म्हनून."

पलटणीत दुसऱ्या मुलखाची माणसं होती, धानाच्या भरल्या शेतातलं पाणी सोडायला हात उठत नाही असं त्यांना सांगितलं असतं तर हसली असती. मला हसू आलं नाही. माझाही हात उठला नसता.

त्या खंदकाचा खोलगट कोपरा मोतीरामच्या वाट्याला आला होता. मशीनगन तिथंच बसवावी लागत होती, तिथूनच चढणीची वाट दिसायची. तो दिवसभर पाण्यात उभा. आधी थट्टा करायचा, म्हणायचा मासे चावतात. मग थट्टा बंद झाली.

आणि आता तो निरोप. मी मागच्या खळग्यात टेलिफोन घेऊन बसायचो हे तुला माहीत आहेच. एका दुपारी खालून, ठाण्यावरून, फोन आला. डॉक्टरसाहेबांनी पायांचा अहवाल वाचला होता. शब्द मला जसेच्या तसे पाठ आहेत, कारण निरोप परत म्हणून दाखवायचा नियम होता आणि मी तो म्हणून दाखवला होता: नाईक कवडूला कळवा, खंदकातलं पाणी आज अंधार पडायच्या आत काढायचं, हा हुकूम आहे, काढल्याची खबर द्यायची. मी "पोचवतो" म्हणालो, टोपी घातली आणि तुझ्याकडे आलो.

तू बांधावर बसला होतास. ऊन पडलं होतं, पाणी निवळलं होतं, आणि खंदकात कुठून तरी बेडूक आले होते. आपल्याकडचेच बेडूक, तसेच ओरडत होते. मला बघून तू बाजूला सरकलास. "बस गा. आइक." मी बसलो. तू धानाच्या रोपांचा हिशेब करत म्हणालास, "या पान्यात दोन बांध्यांचे पऱ्हे बसन." मग तू सांगत सुटलास, परत गेल्यावर कुठली जमीन मक्त्यानं घ्यायची, पाण्याच्या बोडीखालची की टेकराकडची, आणि मोतीरामचं लग्न गोरेगावकडच्या कुठल्या मुलीशी लावायचं. मोतीराम कोपऱ्यातून ओरडला, "आधी माहे पाय पाह्य, मंग लगन लाव!" आपण तिघंही हसलो. कितीतरी दिवसांनी तुला हसताना बघितलं होतं, कवडू. त्या पाण्यावरून तुला उठवून, ते फोड असं सांगायचं माझ्या जिवावर आलं. वाटलं, सकाळी सांगू. एका रात्रीनं काय होतं?

सकाळी धुक्यातून ते आले. पहिल्याच तासात सुबेदार पडला, टेलिफोनची तार तुटली, आणि खालचा झरा त्यांच्या हातात गेला. पहाडी तुझ्या हुकमाखाली आली. त्यानंतर तो निरोप द्यायला काही अर्थच उरला नाही, कारण तेच पाणी आपण प्यायला लागलो होतो. फडक्यातून गाळून, पाण्याच्या बाटलीच्या टोपणात मोजून. पहिला घोट घेताना तू म्हणालास, "घ्या, आपल्याच पायाचं तीर्थ." मरणाच्या दारात माणसं हसली. डबे वाजायचे, तू कान द्यायचास, वारा असला तर झोपू द्यायचास आणि माणूस असला तर उठवायचास. तुझ्या त्या कानानं आपले निम्मे जीव वाचवले आणि त्या पाण्यानं उरलेले. हे मी आजही म्हणतो.

पाचव्या दिवशी पुढचा खंदक सोडून तीस पावलं वर जावं लागलं. तू पाणी बांबूच्या नळकांड्यांत भरून आधी वर पोचवलंस, मग माणसं धावली. तीस पावलं फक्त. मोतीरामच्या बुटात पाय उरले नव्हते. "व्हा तुमी पुढं, मी येतो," असं म्हणून त्यानं गन फिरवली आणि आपण सगळे वर पोचेपर्यंत थांबवली नाही. तू परत गेलास. त्याला पाठीवर घेऊन आलास, पण वाटेतच तो तुझ्या पाठीवर संपला होता. तुला ते बराच वेळ कळलं नाही, किंवा कळूनही तू त्याला खाली ठेवत नव्हतास. मीच तुझी बोटं सोडवली. सातव्या दिवशी खालून आपली कुमक आली. रस्ता आपलाच राहिला होता, जखमींच्या गाड्या गेल्या होत्या. उतरलो ते अकरा जण.

तेव्हाच सांगायला हवं होतं. तुला हवालदार केलं, साहेबानं सगळ्यांदेखत तुझ्या दूरदृष्टीची तारीफ केली, आणि तू खाली येऊन मला म्हणालास, "कायची दूरदृष्टी? आळस होता माहा. सुबेदारानं हासत हासत सांग्तलं, मी कानाआड केलं. कडक हुकूम आला असता त फोडलंच असतं ना मी? मोत्याचे पाय त राह्यले असते." हे तू माझ्या डोळ्यांत बघून म्हणालास. मी तुला काय उत्तर दिलं आठवतं? म्हणालो, "फोडलं असतंस तर सगळेच तहानेनं मेलो असतो, मोतीरामसकट." ते खरंच होतं. खरं बोलूनही किती खोटं वागता येतं, हे मी त्या दिवशी शिकलो.

मग घरी. आमगावच्या टेसनावर काकी आली होती. सरकारी कागद तिला आधीच मिळाला होता, तरी आली होती. हातात पाण्याचा लोटा होता, दुरून आलेल्याला द्यायचा म्हणून. तू सामान खाली टाकून तिच्या पायांशी बसलास आणि सगळ्या फलाटासमोर सांगितलंस, "काकी, माह्या हयगयीनं गेला तो. पानी फोडाले सांग्तलं होतं, मी नाई फोडलं. पाय सडले त्याचे." लोटा माझ्या हातात दिला. मी प्यालो. उरलेलं पाणी तिनं तुझ्यासमोर जमिनीवर ओतलं आणि चालू लागली.

मी ते पाणी प्यालो, कवडू. तहान लागली होती म्हणून नाही. नको म्हणालो असतो तर का म्हणून सांगावं लागलं असतं, म्हणून.

त्यानंतर दोन पावसाळे तू आधी तिच्या बांध्या नांगरल्यास, मग तुझ्या. ती नको म्हणाली नाही, ये म्हणाली नाही. बांधावर उभी राहून रोवणा बघायची. पण तिनं तुला कधी घोटभर पाणी विचारलं नाही. आपल्याकडे उन्हातान्हात काम करणाऱ्या परक्या माणसालाही पाणी विचारतात. तू तुझा पाण्याचा तुंबा घरून भरून न्यायचास, बांधावरच्या पळसाला टांगायचास. मी एकदा चिडून म्हणालो, "किती दिवस हे? तुझा काय संबंध?" तू म्हणालास, "कवडी घेतली हाये ना गा तिनं माही. मंग?" आणि हसलास. तुझं ते हसू मला सहन होत नसे, म्हणून मी तुझ्याशी दुसऱ्याच गोष्टींवर भांडायचो. बाजारात कोणी म्हणालं, काय रे, गोऱ्यासाठी लढलात? तर मी वाद घालत बसायचो, आणि तू म्हणायचास, "मांगं रस्त्यावर आपले जखमी पोट्टे होते. मी त्याईच्यासाठी बसलो होतो. गोऱ्याचं गोरा पाहीन." आता म्हणतात पुढच्या महिन्यात तो जाणारच आहे. तू एवढा थांबला असतास तर दोघं मिळून बघितलं असतं, तो कसा जातो ते.

पण त्या पहाडीवरचा हिवताप तुझ्यासोबत घरी आलेला होता. काकीच्याच बांधीत, हातात पऱ्ह्यांची जुडी घेऊन, तू खाली बसलास. चार दिवस अंग भाजत होतं. त्यातल्या एका दुपारी वहिनी बाहेर गेली होती, मी एकटाच तुझ्यापाशी होतो. तू शुद्धीवर होतास. म्हणालास, "काकीच्या तीन बांध्या राह्यल्या." मी तोंड उघडलं. उघडलं होतं, हे तुला दिसलं का? तू माझा हात दाबलास आणि डोळे मिटलेस, आणि मी पुन्हा म्हटलं, सकाळी सांगू. दुसऱ्यांदा तीच चूक. ती सकाळ तुझ्यासाठी उजाडलीच नाही.

काकी काल नदीवर आली नव्हती. तिकडून मी घरी न जाता तिच्याकडे गेलो. ती अंगणात पऱ्ह्यांच्या जुड्यांवर ओलं पोतं घालत होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. टेलिफोन, हुकूम, बेडूक, सकाळी सांगू म्हटलं ते, टेसनावरचा लोटा. पाणी फोडलं असतं तर सगळेच मेलो असतो, हे मात्र सांगितलं नाही. ते तिला सांगायचा हक्क मला नाही.

तिनं पोतं नीट बसवलं. मग विचारलं, "त्याले मालूम होतं?"

"नाही काकी. मी सांगितलंच नाही."

"मरतानीबी नाई?"

"नाही."

"कायले?"

शाळेत पोरांना उत्तर आलं नाही की मी छड्या मारतो.

ती आत गेली. मला वाटलं, आता दार लावील. पण ती लोटा घेऊन बाहेर आली आणि सरळ बांध्यांकडे निघाली. मी मागून चाललो. पळसापाशी ती थांबली. तुझा तुंबा टांगायची फांदी अजून तशीच वाकलेली आहे. तिनं तिथं, झाडाच्या बुडाशी, पाणी ओतलं. हळूहळू, तू ओंजळ धरून बसला असावास तसं. "पी रे कवडू," म्हणाली. "पी माह्या राजा. दोन वर्सं तुले तहानलेला ठेवलं मी." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "दोन पोट्टे होते माहे. एक पोटचा, एक इकतचा. दोन्ही पान्यापायी गेले." आणि तिथं बसून ती रडली. मोतीरामचा कागद आला तेव्हा, तू टेसनावर सांगितलंस तेव्हा, तू गेलास तेव्हाही गावात कोणी तिला रडताना बघितलं नव्हतं.

ऊन कडक होतं. मी नदीपासून चालत आलेला, घशाला कोरड पडलेली. ती उठली तेव्हा लोट्यात तळाशी थोडं पाणी होतं. तिनं माझ्याकडे एकदा बघितलं, लोटा झाडाच्या बुडाशी उपडा केला, शेवटचा थेंब पडेपर्यंत धरला. मग पदर खोचून म्हणाली, "तीन बांध्यांचा रोवना राह्यला हाये. पऱ्हे पिवळे पडून रायले." आणि घराकडे गेली.

तिनं बरोबर केलं, कवडू. माझ्या वाट्याचं पाणी मी टेसनावरच पिऊन बसलो आहे.

येताना तुझ्या घरी गेलो. वहिनीनं तुझा तुंबा काढून दिला, कशाला ते विचारलं नाही. धुऊन, घरी आणून कोनाड्यात ठेवला आहे. शाळेला सुट्टी टाकली. खडू धरून धरून माझे हात मऊ पडलेत, चिखलात वाकायची सवय गेली आहे, आणि मला रोवताना बघून तू पोट धरून हसला असतास. उद्या उजाडलं की तुंबा भरून निघतो. पळसाला टांगीन, तुझ्याच फांदीला.